आडपट्टी वाढत नाही

कारखान्यात त्याला सगळे गवई म्हणायचे.

खरं तर ते एक आडवं झोपवलेलं लोखंडी पिंप होतं, बसगाडीएवढं लांब. पोटात सहाशे बारा नळ्या. नळ्यांच्या आतून तापलेलं तेल जायचं, बाहेरून पाणी वाहायचं. तेलाने आपली धग पाण्याला द्यायची, पण दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, असा त्यांचा संसार. एका छताखाली राहून अबोला धरलेल्या जावाजावांसारखा. मध्ये भिंत म्हणाल तर नळीची, आणि ती नखाहून थोडी जाड.

तीन वर्षांपूर्वी पाण्याचा जुना पंप काढून दुप्पट ताकदीचा बसवला, आणि त्या दिवसापासून पिंप गुणगुणायला लागलं. खर्जातला एक लांबलचक सूर, जेवणानंतर डुलकी आणणारा. लोकांना तो आवडला. यंत्र गातंय म्हणजे ते खुशीत आहे, असा सरळ न्याय. 'गवई गातोय ना? मग आपण निर्धास्त,' हे पाळी बदलताना एकमेकांना सांगायचं वाक्यच होऊन बसलं. पिंपाच्या कुशीला एक लाकडी बाक होता. तिथे छान ऊब असायची, म्हणून सगळ्यांचे डबे तिथेच उघडायचे.

एक तिलाच, नळ्या तपासणाऱ्या बाईला, तो सूर आवडेनासा झाला. तेही बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर. रजेआधी ती त्या बाकावर बसून खुशाल पेंगलेली होती. पण घरात बाळ आलं की कान बदलतात. दुसऱ्या खोलीत बाळाने नुसती कूस बदलली तरी आईचा हात कढईवरच थांबतो. तसे कान घेऊन ती कामावर परतली, आणि पहिल्याच दिवशी तिला त्या सुराच्या तळाशी काहीतरी बारीक ऐकू आलं. करकर. झोपेत दात खाणाऱ्या पोरासारखी.

"मामा, तुम्हाला ऐकू येतंय का हे?" तिने चाकवाल्या मामांना विचारलं होतं. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह उघडायचं भलंमोठं चाक गेली बावीस वर्षं तेच फिरवत आले होते.

"काय?"

"दात खाल्ल्यासारखं."

"नळीबाई, माझ्या कानात बावीस वर्षांचा पंप बसलाय. मला बायकोचं ऐकू येत नाही, गवयाचे दात कुठे ऐकू येणार!"

नळीबाई हे तिचं नाव तिच्या कामामुळे पडलेलं. नळ्या तपासायच्या, हेच काम. वर्षातून एकदा आठ दिवस कारखाना बंद ठेवून सगळ्या यंत्रांची पोटं उघडत. तेव्हा ती पिंपाच्या तोंडाशी बसायची आणि एकेका नळीत बोटाएवढी प्रोब घालायची. प्रोबला लांब केबल, केबलच्या दुसऱ्या टोकाला पडदा, पडद्यावर एक हिरवा ठिपका. प्रोब नळीतून हळूहळू ओढत आणायची. नळी कुठे झिजलेली, चिरलेली असली की ठिपका उडी मारतो.

फक्त एक भानगड होती. एवढ्या लांब नळ्या अधांतरी राहणार कशा? म्हणून पिंपाच्या आत ठरावीक अंतरावर पोलादाच्या आडपट्ट्या असतात. त्यांना भोकं, आणि भोकांतून नळ्या ओवलेल्या. प्रोब आतून आडपट्टीच्या खाली आली की ठिपका उडी मारणारच, नळी धडधाकट असली तरीही. तिच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं होतं.

"पोरी, आडपट्टी आली की ठिपका नाचतो. दचकायचं नाही. उडीची उंची मोजायची, वहीत लिहायची, शेऱ्यात 'आ. खू.' टाकायचं आणि पुढे सरकायचं. आडपट्टीची खूण. नाहीतर एकेका खुणेपाशी रडत बसलीस तर आठ दिवसांत आठ नळ्या होतील."

मास्तर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. त्यांच्यामागून वही तिच्याकडे आली, पिवळ्या कडांची, तेलाच्या बोटांची. गेल्या वर्षी पाच महिन्यांचं पोट सांभाळत, यंदा छातीतलं दूध सांभाळत तिने सहाशे बारा नळ्या पाहिल्या आणि पानामागून पान आ. खू., आ. खू. लिहीत गेली. हाताला सवय झाली की हात डोक्याला विचारत नाही.

रविवारी दुपारी ती वहीच्या छायाप्रती घरी घेऊन आली. यंदाचा बंद सोमवारी संपायचा होता, आणि त्या सकाळी द्यायचा तक्ता पुरा करायचा होता. नवरा ड्युटीवर होता. बाळ मांडीवर पीत होतं, त्यामुळे तिचा एकच हात मोकळा. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे, मी वाचून दाखवते, तू उतरव." शाळेत तीस वर्षं भाषा शिकवलेली बाई. वाचायचं म्हटलं की चष्मा पुसून, पाठ ताठ करून, वर्गाला ऐकू जाईल असं वाचायची.

"रांग पहिली, नळी चार, आडपट्टी दोन, उंची चार, आखू."

"आखू नाही हो आई. आ टिंब, खू टिंब. आडपट्टीची खूण."

"टिंबं कुणाला दिसतायत या प्रतीत. मला आखूच दिसतं." सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आणि आखू म्हणजे काय, माहीत आहे का? उंदीर."

"उंदीर?"

"जुना शब्द आहे. मूषक, आखू, उंदीर. समानार्थी शब्दांत दरवर्षी विचारायचे मी. शेवटच्या बाकावरचीसुद्धा तेवढं बरोबर लिहायची." त्या पुन्हा कागदात शिरल्या. "रांग पहिली, नळी पाच, आडपट्टी दोन, उंची चार, उंदीर. नळी सहा, उंची चार, उंदीर."

ती हसली. हसण्याने बाळाचं पिणं सुटलं, त्याने रागावून एक मूठ मारली, पुन्हा लागलं. असं चार पानं चाललं. तिसऱ्या रांगेपाशी सासूबाईंचा आवाज जरा मंदावला.

"नळी सतरा, आडपट्टी पाच, उंची अकरा, उंदीर. नळी अठरा, बारा. नळी एकोणीस, चौदा, उंदीर." त्या थांबल्या. "काय गं, बाकी सगळीकडे चारचे उंदीर, आणि या कोपऱ्यातलेच एवढे लठ्ठ कसे? खायला काय मिळतंय मेल्यांना इथे?"

तिची पेन्सिल कागदावरच राहिली.

"आई, मागची पानं काढा. गेल्या वर्षीची. तिसरी रांग, एकोणिसावी नळी, पाचवी आडपट्टी."

"नऊ."

"त्याच्या आधीची?"

"हे अक्षर वेगळं आहे. तुझे मास्तर ना? सुरेख अक्षर. सहा."

"त्याच्या आधी?"

"चार. त्याच्याही आधी चार. त्याच्या आधी..." पानं उलटली. "चार, चार, चार."

चार, चार, चार, सहा, नऊ, चौदा. तिने समोर पाहिलं. फ्रिजवर बाळाच्या वजनाचा तक्ता चुंबकाने लावलेला होता. दर महिन्याला एक ठिपका, ठिपक्यांना जोडणारी वर चढत जाणारी रेघ. त्या रेघेकडे पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, छान, अंगी लागतंय.

"आई, आडपट्टी वाढते का हो?"

"मी भाषेची बाई, मला काय विचारतेस! लोखंड वाढतं का कुठे?"

"नाही वाढत," ती म्हणाली. "लेकरं वाढतात. आडपट्टी वाढत नाही."

मग बाळाला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत, तिने एका हाताने पिंपाचं चित्र काढलं आणि जिथे जिथे आकडा वाढला होता तिथे तिथे ठिपका दिला. एक्केचाळीस ठिपके झाले. सगळे एका जागी गोळा, जिथून नव्या पंपाचं पाणी पहिल्या झोतात पिंपात घुसतं तिथे. पाणी जोराने आडवं लागलं की नळी थरथरते, वाऱ्यात तार गुणगुणते तशी. आडपट्टीच्या भोकात ती केसभर सैल असते, आणि ते केसभरच वाईट. दिवसरात्र भोकाच्या काठावर घासते, बाहेरून झिजते. जिथे झिजते तिथे आडपट्टी आहेच, त्यामुळे ठिपका उडाला तर आडपट्टीमुळेच उडाला असं सगळे म्हणणार. चोराने पोलिसाच्या अंगणात घर बांधावं तसं. आणि गवयाचं गाणं म्हणजे एक्केचाळीस नळ्यांचं दात खाणं.

सासूबाईंनी चित्र पाहिलं, वहीतलं अक्षर पाहिलं. "हा नऊ आणि हा चौदा तुझ्या हातचे आहेत."

"हो."

"खाली सही पण तुझीच."

"हो, आई."

सासूबाईंनी प्रती बाजूला ठेवल्या. बाळाला तिच्या खांद्यावरून उचलून घेतलं आणि म्हणाल्या, "मग उद्या साडी नको. पँट घाल. भांडायला बरी."

*

"प्रेशर टेस्ट झाली की नाही?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. चांगला माणूस म्हणत सगळे, आणि होताही, सगळं वेळेवर चाललं असेल तर.

"झाली, साहेब."

"एक थेंब तरी गळला?"

"नाही."

"मग?"

"गळत नाही म्हणजे झिजत नाही असं नाही. नळी कागदाएवढी पातळ झाली तरी उभी राहते. पाणी सोडून थरथरायला लागली की जाईल. आज जाईल की सहा महिन्यांनी, ते मला सांगता येत नाही."

"गेली तर दोन्ही टोकांना बूच मारून ती नळी बंद करू. आजवर काय नळ्या गेल्या नाहीत?"

"तेल किती तापलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तापल्या कढईत पाण्याचा थेंब पडला की काय होतं तेही माहीत असेल. आता कढई बसगाडीएवढी समजा आणि थेंबाच्या जागी नळ समजा. आणि शेजारी बाकावर नऊ माणसं डबा खातायत."

साहेबांनी तक्ता उलटासुलटा केला. त्यांच्या टेबलावर दुपारी चारची वेळ लाल पेनाने लिहिलेली होती. चारला पाणी सोडायचं, सहाला तेल, उद्या सकाळी माल बाहेर.

"बाई, हे बघा," ते जरा मवाळ झाले. "घरी लहान बाळ आहे. झोप होत नसेल. मन थाऱ्यावर नसतं अशा वेळी, माझ्या बायकोचंही असंच झालं होतं. साध्या खुणेत काहीबाही दिसायला लागतं."

"मन थाऱ्यावर होतं तेव्हा मला काहीच दिसलं नाही, साहेब. गेल्या वर्षी नऊ आकडा लिहिला आणि जांभई दिली."

"तेच म्हणतोय मी! गेल्या वर्षी तुम्हीच सही केलीत."

"केली. चुकले. तीच चूक दुसऱ्यांदा करायला मला पगार मिळत नाही."

साहेबांचा मवाळपणा ओसरला. "महिनाअखेर तुमचा करार नवा व्हायचाय. लक्षात आहे ना?"

"आहे."

"आणि सहीचा अधिकार असलेल्या तुम्ही एकट्या नाही. मास्तरांचा परवाना अजून चालू आहे. त्यांना गाडी पाठवतो."

"पाठवा," ती म्हणाली. "मलाही त्यांना भेटायचंच आहे."

ती बाहेर आली. अकरा वाजले होते, आणि अकराला बाळ घरी भुकेलं होतं हे घड्याळाआधी तिच्या छातीला कळत होतं. ती सामानाच्या खोलीत गेली, आतून कडी लावली, केबलच्या वेटोळ्यांमध्ये उलट्या बादलीवर बसून तिने दूध काढलं. भिंतीवर पाटी होती, 'आधी सुरक्षा, मग काम'. पाटीवर धूळ होती. बाटली भरेपर्यंत तिने मनातल्या मनात मास्तरांशी तीनदा भांडण केलं आणि तिन्ही वेळा हरली. मास्तरांसमोर तिची जीभ कायम जड व्हायची. काम त्यांनीच शिकवलं. पहिल्या वर्षी तिची बोटं केबलने सोलली, तेव्हा आपले हातमोजे काढून दिले होते त्यांनी. अशा माणसाला तुमची वही चुकली म्हणायचं कसं?

मास्तर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. कुणी बोलावलं की माणूस खुलतो. पिंपाच्या तोंडाशी स्टुलावर बसले, वही मांडीवर घेतली, हात तिच्यावरून फिरवला.

"काय गं पोरी, साहेब म्हणतात तू आडपट्टीला घाबरलीस?"

"हो, मास्तर."

"पहिल्या आठवड्यात काय शिकवलं होतं?"

"दचकायचं नाही. उंची मोजायची, लिहायची, पुढे सरकायचं."

"मग?"

"तुम्ही मोजायला शिकवलंत, लिहायला शिकवलंत. लिहिलेलं परत वाचायचं तेवढं राहिलं." तिने चित्र त्यांच्या हातात दिलं, शेजारी आकड्यांची ओळ. "हे चार, चार, चार तुमचे. हा सहाही तुमचा, नव्या पंपाच्या वर्षीचा. नऊ आणि चौदा माझे. तुम्ही प्रामाणिकपणे आकडा लिहिला नसतात, तर मला आज काहीच कळलं नसतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळीवरून बोट नेलं. सहावर बोट थांबलं.

"चार होतं तोवर आडपट्टीच होती," ते म्हणाले.

"तोवर आडपट्टीच होती, मास्तर. जुन्या पंपाला तुमचं बरोबरच होतं."

"सहा म्हणजे काही फार नाही. प्रोब जरा तिरकी गेली असेल."

"एक्केचाळीस नळ्यांत, एकाच कोपऱ्यात?"

मास्तर चिडले. लालबुंद होऊन उठले. "मला शिकवतेस? तीस वर्षं या पिंपात डोकं घातलंय मी. तुझ्या जन्माआधीपासून!" मग आवाज खाली आला. "माझ्या निरोपाच्या दिवशी याच साहेबांनी भाषण केलं होतं. मास्तरांच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, म्हणून."

"तेच झालं," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण मान खाली गेली नाही. "सगळ्यांनी डोळे मिटले. मीसुद्धा."

मास्तरांनी वही मिटली. पेन खिशाला होतं, ते काढलं नाही. साहेब दारात उभे होते, त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "माझं नाव यात नको." आणि लांब जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. तिच्या बाजूने एक शब्द नाही, साहेबांच्या बाजूनेही नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "कागदाचं मी बघतो. मामा, चारला चाक फिरवा."

कारखान्यात कुजबूज पसरायला वेळ लागत नाही, आणि तेव्हा तर जेवणाची वेळ. बाकावर नऊ डबे उघडलेले. ती सरळ तिथे गेली. भाषण तिला जमत नव्हतं. तिने मामांच्या पेल्यात चमचा टाकला आणि पेला हलवला. चमचा काठावर आपटत खणखणला.

"पाणी म्हणजे माझा हात," ती म्हणाली. "हा चमचा म्हणजे नळी. हा पेल्याचा काठ म्हणजे आडपट्टी. तीन वर्षं मी हात थांबवलेला नाही. काठ झिजत नाही, चमचा झिजतो. चमच्याच्या आत तेल आहे."

"म्हणजे गवई गातो ते..." एकाने घास हातातच धरून विचारलं.

"गात नाही. रडतो."

मग मामांनी पेल्यातला चमचा काढून चाटला, डबा बंद केला, कडी लावली.

"बावीस वर्षं या बाकावर बसतोय मी," ते म्हणाले. "पाठ शेकते म्हणून. बायको म्हणते तुमच्या पाठीला कारखान्याचा वास येतो." ते उठले आणि बाकाचं एक टोक धरलं. "काय बघताय रे? दुसरं टोक कोण तुमचा काका उचलणार?"

बाक जड होता. चौघांनी उचलला, बाकीच्यांनी डबे घेतले. अख्खी वरात पिंपापासून निघाली, यार्ड ओलांडून थेट साहेबांच्या केबिनच्या खिडकीखाली जाऊन थांबली. बाक टेकला. सगळे ओळीने बसले आणि डबे पुन्हा उघडले.

साहेबांनी खिडकी उघडली. "हा काय तमाशा आहे?"

"जेवतोय, साहेब," मामा म्हणाले. "तिकडे उकडतं. इथे तुमच्या एसीचं पाणी ठिबकतं, गार वाटतं."

"मामा, चारला पाणी सोडायचंय."

"सोडतो की. आधी एक नळी दाखवा."

"म्हणजे?"

"नळीबाई म्हणतात झिजलीय, तुम्ही म्हणता नाही. मी अडाणी माणूस, मला वहीतलं काय कळतंय? एक नळी उपटून काढा, हातात द्या. धडधाकट असली तर चाक मी फिरवतो आणि वर नळीबाईंना चार शब्द सुनावतो. नाहीतर चाक हे तिथे आहे. तुम्ही या, फिरवा. जरा कडक आहे, सवय लागते."

साहेबांनी खिडकी लावली. दहा मिनिटांनी दार उघडलं.

"एक," त्यांनी तिला बोट दाखवलं. "एकच नळी. कुठली ती तुम्ही सांगा. आणि ती चांगली निघाली तर महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही."

"तिसरी रांग," ती म्हणाली. "एकोणिसावी."

*

नळीची दोन्ही टोकं पिंपाच्या तोंडावरच्या जाड पत्र्यात फुगवून घट्ट बसवलेली असतात. ती सोडवायलाच दोन तास गेले. चार वाजून गेले. बाळाच्या वेळा छातीवर येत राहिल्या, ती शर्टावर जाकीट ओढून उभी राहिली. तिच्या मनात एकच वाक्य फिरत होतं. प्रोब तिरकी गेली असेल. एक्केचाळीस वेळा तिरकी गेली असेल. आणि दुसरीकडे घर दिसत होतं, फ्रिज, तक्ता, वर चढणारी रेघ, पुढच्या महिन्याचा रिकामा चौकोन.

दोन फिटर होते, दोघेही पैलवानासारखे. थोरल्याने नळीचं टोक पकडीत धरलं, धाकट्याने त्याच्या कमरेला मिठी घातली, जोर सगळा मागे.

"हं... ओढ!"

नळी हातभर आली. पिवळसर, तेलकट, चकचकीत. तिने जवळ जाऊन बोट फिरवलं. काही नाही. "ओढ!" आणखी हातभर. पहिल्या आडपट्टीची जागा आली, नुसता एक फिकट पट्टा. दुसरी, तशीच. साहेब घसा खाकरले. तिसरी, जराशी उजळ. चौथी, उजळ.

"ओढ!"

नळी अडली. "भोकात धरतेय," थोरला म्हणाला. "दम लावून, एक, दोन..."

तीन कुणी म्हणालंच नाही. कट्कन आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी इतका हलका, आणि दोघे पैलवान एकमेकांवर धाडकन जमिनीवर पडले. धाकटा खाली, थोरला वर, आणि थोरल्याच्या हातात अर्धी नळी. उरलेली अर्धी पिंपाच्या पोटातच.

मग खालचा म्हणाला, "आधी उतर रे माझ्या अंगावरून!" आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू लगेच विरलं, कारण नळीचं तुटलेलं टोक सगळ्यांना दिसलं होतं. कंबर आवळून आवळून झिजवावी तसं बारीक होत गेलेलं, आणि अगदी कडेला इतकं पातळ की कागदाची कड वाटावी.

मामा पुढे आले. टोपी काढली. टोकाला अंगठ्याचं नख लावून दाबलं, तर पत्रा नखाखाली दुमडला. त्यांनी मागे वळून पाहिलं, बाक जिथे असायचा त्या रिकाम्या जागेकडे. पाचवी आडपट्टी. बरोबर पाठीमागे.

"एवढ्यावर बसून आपण जेवत होतो," ते म्हणाले.

साहेबांनी वाकून ते टोक पाहिलं. "एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नळ्यांना बूच मारायचं," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत होईल?"

"नुसतं बूच मारून भागायचं नाही," ती म्हणाली. "बुचाची नळीसुद्धा थरथरतेच. तुटली की शेजारणीला बडवते. आतून पक्क्या करायला लागतील, चार दिवस जातील. आणि पाणी जुन्या पंपाएवढंच सोडायचं, गवई गप्प होईपर्यंत. तेवढा माल कमी निघेल."

"ते वरच्यांना कोण सांगणार?"

"तुम्ही. तुम्ही साहेब आहात." तिने अर्धी नळी उचलून त्यांच्यापुढे धरली. "ही घेऊन जा. बोलायला सोपं जाईल."

त्यांनी नळी घेतली. कशी धरावी ते त्यांना कळेना, बाळ पहिल्यांदा हातात घेतलेल्या बाप्यासारखी धरली.

मास्तर भिंतीपासून सुटून आले होते. त्यांनी स्टुलावरची वही उघडली, तिन्ही वर्षांची तिसऱ्या रांगेची पानं शोधून काढली, पेन खिशातून काढलं आणि तिच्यापुढे केलं.

"दुरुस्त कर," ते म्हणाले. "माझ्या सहापासून."

"तुमचा आकडा बरोबर आहे, मास्तर."

"आकडा नाही. शेरा."

तिने स्टूल ओढलं. मास्तरांच्या सुरेख अक्षरातल्या 'आ. खू.'वर एक सरळ रेघ मारली, पुढच्या पानांवर आपल्या नऊवर, आपल्या चौदावर. मग समोरच्या रिकाम्या जागेत तिने तीन वर्षांसमोर तीनदा एकच शब्द लिहिला, मोठ्या अक्षरात, टिंब न देता, आणि खाली सही केली.

साहेबांनी वाकून वाचलं. "आखू? हे काय? सरकारी तपासनीस येतात, ते हे वाचतील तर काय म्हणतील?"

"शब्दाचा अर्थ विचारतील," ती म्हणाली, वही मिटून काखेत मारत. "मग सांगू, उंदीर. आता मला घरी जाऊ द्या, माझं लेकरू भुकेलंय. उरलेले चाळीस उंदीर उद्या सकाळी आठला पकडू. मामा, बाक खिडकीखालीच असू द्या हं."

"हलतोय कोण!" टोपी घालत मामा म्हणाले.